रिकामी बाजू

बोलता बोलता तिचं पुढचं वाक्य हरवलं. असं तिचं कधी होत नसे. लग्न ठरलेली इतकी जोडपी आजवर रक्त तपासणी केंद्रातल्या त्या दोन खुर्च्यांवर बसून गेली होती, की ती वाक्यं आता एकमेकांचं बोट धरून आपोआप तिच्या तोंडून बाहेर पडायची. घाबरू नका, हा आजार नाही. तुम्ही आजारी नाही, तुम्ही फक्त वाहक आहात. समोरची मुलगी मान हलवत होती, शेजारी तिचा होणारा नवरा गुडघा हलवत होता, आणि ऐकता ऐकता मुलगी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीला घड्या घालत होती. आधी एक बारीक पट्टी, मग तिच्यावर उलटी, मग पुन्हा सुलटी, प्रत्येक घडी नखानं दाबून. चिठ्ठीचा पंखा झाला की तो दोन बोटांत धरून एकदा ताणून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. असं करणारं एकच माणूस तिनं आयुष्यात पाहिलं होतं. त्याच्या शर्टांच्या खिशातून बसच्या तिकिटांचे असे पंखे निघायचे, धुताना ते भिजून लगदा व्हायचे, आणि ती तो लगदा खिशाच्या कोपऱ्यातून बोटानं कोरून काढायची. आत्ता, इतक्या वर्षांनी, तिच्या उजव्या हाताच्या बोटाला तो ओला लगदा लागल्यासारखा वाटला. तिनं बोट नकळत पदराला पुसलं.

"मॅडम?" मुलगी म्हणाली. "अल्फा काय म्हणालात?"

"हं. अल्फा." तिनं पाण्याचा घोट घेतला. "रक्तातलं प्राणवायू धरणारं द्रव्य बनवणाऱ्या चार जीन, त्यांना अल्फा म्हणतात. असं समजा, चार भावंडं आहेत आणि त्यांनी मिळून एक काम करायचं आहे. दोन आईकडून आलेली, दोन वडिलांकडून. तुमच्याकडे एका बाजूची दोघंही नाहीत. ती बाजू रिकामी आहे. उरलेली दोघं सगळं काम ओढतात, म्हणून तुम्ही ठणठणीत आहात. फक्त रक्तातल्या पेशी जरा लहान. आधीच्या तपासणीत मोठं मशीन नॉर्मल म्हणालं होतं, कारण हा प्रकार त्या मशीनला दिसत नाही. म्हणून जीनची तपासणी करावी लागली."

"आणि याचं?" मुलीनं शेजारी बघितलं.

"यांच्याही पेशी लहान आहेत. ते नुसतं लोह कमी असल्यामुळेही असेल. रक्त पाठवलंय. काही आठवडे लागतील." मग तिनं नेहमीचं विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचा आवाज जरा घाईचा वाटला. "घरी कोण कोण असतं?"

"आई, बाबा, धाकटा भाऊ. बाबा आलेत ना सोबत. पण खाली उभे आहेत. दवाखान्याचा जिना त्यांना चढवत नाही. मी लहानपणी तापानं फणफणले तरी आईच न्यायची, हे बाहेर पानं मोजत उभे." मुलगी हसली. हसताना तिचे डोळे बारीक झाले, ते मात्र कोणा तिसऱ्याचे होते, न पाहिलेल्या बाईचे.

"आईवडिलांचंही रक्त बघायला हवं. भावाचंही," ती म्हणाली. हे ती सगळ्यांनाच सांगायची. नियमच होता तसा. तरी जोडपं उठून गेल्यावर ती तशीच बसून राहिली आणि हे वाक्य आपण नक्की कोणासाठी बोललो, हे स्वतःला विचारत राहिली. मग खिडकीशी गेली. खाली, भिंतीच्या सावलीत, हात मागे बांधून एक माणूस उभा होता. डोक्यावरचे केस गेले होते, खांदे उतरले होते, पण सगळा भार डाव्या पायावर टाकून उजव्या पायाची टाच जमिनीवर घासत उभं राहायची ती पद्धत तीच होती. माणसाचं सगळं बदलतं आणि उभं राहणं बदलत नाही, असं तिला वाटलं, आणि पडद्याआड उभं राहून आपण चोरासारखं बघतोय याची लाज वाटली, तरी ती हलली नाही. मुलगी बाहेर आली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी हातवारे करून काहीतरी समजावत होती, बहुधा चार भावंडांचीच गोष्ट, आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मान खाली घालणंही तेच.

त्या घरात ती तीन वर्षं सून होती. घर वाईट नव्हतं. सासूबाई कडक, पण जेवताना कोणाचं पोट भरलं नाही हे त्यांना आधी कळायचं. तो अबोल होता, पण त्याच्या अबोलपणात राग नसे, आणि त्या वयात तिला तेवढं पुरेसं वाटायचं. दिवस गेले तेव्हा त्यानं काही न बोलता पाळण्यासाठी लाकूड आणलं, स्वतःच्या हातानं तासायला घेतलं, आणि घरभर भुशाचा वास पसरला. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. मग हात सुजले, बांगड्या रुतल्या, तोंड आरशात ओळखू येईना. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरणीचं असंच असतं, मुलगा असला की सूज येतेच. एका सकाळी दळण आणायला म्हणून ती उठली आणि डोळ्यांपुढे काजवे नाचले, भिंत वाकडी झाली, आणि तोंडात लोखंडासारखी चव आली. ती चव अजून कधीकधी यायची, कारण नसताना, बस थांब्यावर, भाजी निवडताना. त्यानंतरचं तिला काही आठवत नव्हतं. आकडी आली होती म्हणे. शुद्धीवर आली तेव्हा छतावर पाण्याचा एक पिवळा डाग होता आणि पोट सपाट नव्हतं, पण रिकामं होतं. रिकामं पोट आतून कळतं. हाक मारल्यावर ओ येत नाही, तसं. नर्स म्हणाली, आता त्याचा विचार नको, तुम्ही वाचलात हेच खूप. डॉक्टर म्हणाले, बाळ पोटातच गेलं, अंगात पाणी भरलं होतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्या काळी त्या गावात ते कोणालाच माहीत नसावं.

कारण माहीत नसलं की माणसं ते शोधत बसत नाहीत, जवळ जे असेल तेच उचलून कारण म्हणून ठेवतात. आमच्या सात पिढ्यांत असं झालं नाही, असं सासूबाई पहिल्यांदा शेजारणीला म्हणाल्या, मग जावेला, मग तिच्यादेखत. तुझ्या माहेरी सगळ्याच फिकट, रक्तच पातळ तुमचं, असं नणंद म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. तिची आई जन्मभर पांढुरकी होती, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन तिचे दात काळे पडले, पण चेहऱ्यावर रंग म्हणून चढला नाही. या सगळ्या बोलण्यात तो नसायचा. तो ओसरीवर बसायचा, किंवा अर्धवट तासलेल्या लाकडाकडे तोंड करून उभा असायचा. एकदा तरी त्यानं आत येऊन "पुरे" म्हणावं म्हणून ती वाट बघत राहिली. वर्षभर बघितली. मग मावशी येऊन तिला घेऊन गेली, चार दिवस हवापालट म्हणून, आणि ते चार दिवस काडीमोडाच्या सहीपाशी संपले. त्यानं दुसरं लग्न केलं. त्याला मुलगी झाली, मग मुलगा झाला, दोन्ही गुटगुटीत, ही बातमी सांगायला एक चुलतबहीण मुद्दाम बस बदलून आली होती. तिनं पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून सांगितलं. बातमीचा अर्थ तिनं उच्चारला नाही, उच्चारायची गरजही नव्हती. आता पुरावाच मिळाला होता.

त्या पुराव्यावर तिनं पुढचं आयुष्य उभं केलं. दुसरं लग्न नको म्हणाली. शिकली. रक्ताच्या केंद्रात नोकरी धरली, तेव्हा मावशी म्हणाली होती, विंचू चावलेल्यानं विंचवांचाच धंदा काढावा तसं आहे तुझं. प्रशिक्षणात सगळ्यांनी एकमेकांचं रक्त काढलं, मशीनमध्ये घातलं. तिच्या पेशी लहान निघाल्या, मशीन म्हणालं नॉर्मल, शिकवणारे म्हणाले लोह कमी असेल, गोळ्या घ्या. तिनं घेतल्या. त्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट वाटलं. रक्तात काही नाही, तर मग दोष आणखी आत कुठेतरी असणार, जिथं मशीन पोचत नाही तिथं. दोन वर्षांपूर्वी जीनची तपासणी आली, ती कशासाठी ते तिनं शिकून घेतलं, शेकडो लोकांना समजावलं. दोघांकडूनही रिकामी बाजू आली तर बाळाचं रक्त प्राणवायू धरूच शकत नाही, बाळ सुजतं, आईचाही जीव धोक्यात येतो. हे ती रोज म्हणायची. आणि म्हणताना एकदाही तिला छतावरचा पिवळा डाग आठवला नव्हता. आता तिला हे अशक्य वाटत होतं. एवढं समोर होतं आणि तिनं बघितलं नाही. की बघायचं नव्हतं?

संध्याकाळी घरी ती भांडी घासत होती. मावशी टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. मावशीचे कान मंदावले होते, पण डोळे आणि तोंड शाबूत होतं.

"तो डबा तू तिसऱ्यांदा घासतेयस," मावशी म्हणाली. "कातडं निघेल त्याचं."

"त्याची मुलगी आली होती आज."

"कोणाची?"

"त्याची." तिनं नळ बंद केला आणि मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "तो खाली उभा होता. मी वरून बघितलं."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दिसायला कशी आहे?"

"चांगली आहे. बोलकी."

"मग आईवर गेली असेल." मावशीनं शेंग फोडली. "बरं, पुढे?"

तिनं पुढचं सांगितलं. चार भावंडं, रिकामी बाजू, दोघांकडून आली तर काय होतं. मावशीला हे समजायला वेळ लागेल असं तिला वाटलं होतं, पण मावशीनं एकदाच विचारलं, "म्हणजे तुझं काहीच नव्हतं?"

"माझंही होतं. नक्कीच. अर्धं."

"आणि अर्धं त्याचं."

"बहुतेक. त्या मुलीला ते आईकडूनही आलं असेल. त्याचं रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण ते बाळ तसंच गेलं असेल तर दोघांचं असायलाच हवं."

मावशीनं सोललेले वाटाणे बाजूला सारले. "मग सगळं खापर एकट्या तुझ्या डोक्यावर कसं गं फुटलं?" असं तिनं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "खापर फोडायला वर असलेलं डोकं लागतं. त्याचं तेव्हा खाली होतं."

ती हसली आणि घासलेला डबा पालथा घातला. रात्र झाली नव्हती, तरी अंथरुणात जाऊन पडावंसं वाटलं, पडल्यावर उठावंसं वाटलं. हलकं का वाटत नाही, याचाच तिला राग येत होता. शिक्षा पुरी भोगून बाहेर आलेल्या माणसाला दारात कोणीतरी गाठून सांगावं, अहो तुमचा गुन्हाच नव्हता, तर त्यानं काय करावं? आनंदानं नाचावं? तिनं दुसरं लग्न नाकारलं होतं. एका शिक्षकानं तिला मागणी घातली होती, भला माणूस होता, टेबलाखाली पाय एकमेकांवर ठेवून बसायचा, आणि तिनं त्याला सांगितलं होतं, माझ्याकडून तुम्हाला मूल होणार नाही. कसं छातीठोक सांगितलं होतं. त्या शिक्षकापासून तिला अगदी सहज धडधाकट मुलं झाली असती. हे गणित ती रोज लोकांना मांडून दाखवायची, स्वतःसाठी आज पहिल्यांदा मांडत होती, आणि ते इतकं सोपं होतं की किळस यावी. मग त्या मुलीचा विचार आला. तिचा तो गुडघा हलवणारा पोरगा. त्याच्याही पेशी लहान. आपल्याला काय व्हावंसं वाटतंय, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि मनाच्या तळाशी काहीतरी हललं ते तिला नीट दिसलं नाही. दिसू नये म्हणून ती उठून पुन्हा स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या प्रमुख बाईंकडे गेली. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, उंचीनं त्या सगळ्यांत लहान होत्या.

"कालची केस तुम्ही घ्या," ती म्हणाली. "मी घेऊ नये."

"का? ओळखीचे आहेत?"

"मुलीचे वडील माझे पहिले..." तिनं शब्द बदलला. "माझे पती होते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. ती बोलत गेली. उभ्या उभ्या, दाराच्या कडीला हात लावून, सगळं सांगितलं. सूज, आकडी, पाणी भरलेलं बाळ. सांगताना ते एखाद्या पेशंटच्या इतिहासासारखं झालं, एकाखाली एक, आणि तसं झालं म्हणूनच सांगता आलं.

"आणि तू इथे इतकी वर्षं आहेस," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि मी तुझं रक्त एकदाही मागितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "केस मी घेते. तू आज रक्त दे. तुझं काय येतं ते मी तुला सांगीन. त्यांचं काय येतं ते सांगणार नाही, आणि तूही विचारायचं नाहीस."

"नाही विचारणार."

रक्त काढणाऱ्या माणसाला सगळे टोच्या म्हणायचे, तोही स्वतःला टोच्याच म्हणवून घ्यायचा. त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. "ताई, आज तुम्ही? सूर्य कुठून उगवला? घाबरू नका हं, हा आजार नाही," त्यानं तिच्याच आवाजाची नक्कल केली. स्पिरिटचा गार बोळा फिरला, सुई गेली. ती नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत राहिली. किती सामान्य दिसत होतं. गडद, जरा आळशी, कोणाचंही असावं तसं. टोच्यानं नळी हलकेच उलटी सुलटी केली आणि इतर नळ्यांच्या रांगेत ठेवली. क्षणभरात ती कुठली हे तिलाही ओळखू आलं नसतं.

मधले आठवडे तिनं काम केलं, पण तिचा तोल गेला होता. समजावताना ती एखाद्या बाईच्या पोटाकडे बघत राहायची. एका जोडप्यातल्या मुलानं "म्हणजे प्रॉब्लेम हिच्यात आहे ना" म्हटल्यावर ती त्याच्यावर इतकी खेकसली की बाहेरच्या रांगेतली माणसं गप्प झाली. नंतर तिनं त्याची माफी मागितली. बसमध्ये ती उतरायचा थांबा सोडून पुढे जायची. तो भेटला तर काय बोलायचं, याची वाक्यं मनात तयार व्हायची, मोडायची. यातली बरीचशी वाक्यं जुनीच होती, वर्षानुवर्षं परजून ठेवलेली, आणि ती म्हणून बघताना कळायचं की त्यांना धार राहिली नाही, नुसता वजनदारपणा राहिलाय. सासूबाईंना उद्देशून केलेली वाक्यं तर अजूनच पोकळ वाजायची. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांना फक्त नातवंड हवं होतं, आणि कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. हे समजणंही तिला नको होतं. राग हा तिच्या घराचा एक खांब होता, तो काढला तर छप्पर कशावर राहणार?

तिचा निकाल मोठ्या बाईंनी दार लावून सांगितला. "जे वाटलं तेच. एक बाजू रिकामी." ती फक्त "बरं" म्हणाली. "उद्या ती मंडळी येणार आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुला रजा हवी असेल तर घे."

तिनं रजा घेतली नाही. सकाळी ती प्रयोगशाळेत टोच्याच्या शेजारी स्टुलावर बसली, हाताला काही काम नव्हतं. आतल्या मशीनची घरघर चालू होती. दाराच्या फटीतून तिला त्या घरातली माणसं मोठ्या बाईंच्या खोलीकडे जाताना दिसली. मुलगी, तिचा होणारा नवरा, बारीक डोळ्यांची एक बाई, कॉलेजातला मुलगा. आणि सगळ्यांच्या मागून, कठड्याला धरून, एक एक पायरी बघत, तो. चढला होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

दार लागलं. आत मोठ्या बाई काय बोलत असतील ते तिला शब्द न शब्द माहीत होतं. तिचे ओठ हलत होते. आता चार भावंडं. आता रिकामी बाजू. आता दोघांकडून आली तर. इथे मोठ्या बाई थांबतात, लोकांना श्वास घेऊ देतात. आता बाळ सुजतं. तिनं डोळे मिटले.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि मुलगी तरातरा बाहेर आली, मागे तिचा होणारा नवरा. मुलीचं नाक लाल झालं होतं. तिनं फटीतून हिला पाहिलं आणि सरळ प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "याचंही तेच आलं, मॅडम," ती म्हणाली. "आमचं दोघांचंही."

केस तिची नव्हती. बोलू नये, हे तिला माहीत होतं. "काय ठरवलंत?" ती म्हणाली.

"ठरवायचं काय," मुलगा म्हणाला. आज त्याचा गुडघा शांत होता. "लग्न करायचं ते करायचंच. दिवस राहिले की सुरुवातीलाच तपासायचं, असं बाई म्हणाल्या. चारात तीन वेळा ठीक असतं."

"आणि चौथ्या वेळी?" मुलगी त्याला म्हणाली. ती हिच्याकडे वळली. "मॅडम, खरं सांगा. चौथ्या वेळी बाईचं काय होतं? नंतर?"

आपल्या मनाच्या तळाशी त्या संध्याकाळी काय हललं होतं, ते तिला आता दिसलं. या पोरीलाही ते भोगून कळावं, असं तिला वाटलं होतं. या घरातल्या एका तरी बाईला. ती पोरगी समोर उभी होती, नाक पुसत, आणि त्या इच्छेचं तोंड बघवत नव्हतं.

"माहीत नसलं तर फार वाईट होतं," ती म्हणाली. "माहीत असलं तर सुरुवातीलाच कळतं, तुम्हाला काही होण्याआधी. दुःख होतंच, ते मी नाही म्हणणार नाही. पण ते दोघांचं असतं. एकीचं नसतं. एवढं याला आत्ताच सांगून ठेवा आणि याच्या घरी याला सांगायला लावा. मान वर करून."

मुलगा म्हणाला, "सांगीन."

ती दोघं खाली गेली. तिला तिथं बसवेना. ती उठून जिन्याच्या मधल्या वळणावर आली, तिथं खिडकी होती आणि जरा वारा यायचा. मघाशी बोलण्याच्या नादात तिला न दिसता बाहेर आलेला तो तिथंच होता. पायरीवर बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून. तिला वाटलं मागे फिरावं, पण चपलेचा आवाज झाला आणि त्यानं वर बघितलं. बराच वेळ तो बघत राहिला. मग उठायला लागला, उठवलं नाही, पुन्हा बसला.

"तू इथे असतेस," तो म्हणाला.

"हो."

"मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे माहीत होतं तुम्ही हा जिना चढाल."

खालून मोटारींचा आवाज येत होता. त्यानं खिडकीकडे तोंड केलं. "बाईंनी सगळं सांगितलं. माझ्याकडून आलंय पोरीला. तिच्या आईकडून नाही, माझ्याकडून." तो थांबला. "सूज येते म्हणाल्या. आईला पण आणि बाळाला पण. मी तिथून उठलो. म्हणजे आपलं..."

"हो. तेच."

"तुझंही तपासलं?"

"कालच कळलं."

"म्हणजे दोघांचं."

"दोघांचं."

त्यानं मान हलवली, हलवतच राहिला. "आई गेली मागच्या वर्षी," तो म्हणाला. "तिला सांगायला हवं होतं." मग त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं असावं. "तिला काय सांगायचं. मीच बोलायला हवं होतं. कारण माहीत नव्हतं, पण बोलायला कारण कशाला लागत होतं?"

ज्याची तिनं त्या घरात वर्षभर वाट बघितली होती, ते हे होतं. उशिरा, भलत्याच जिन्यावर, आणि तिच्या कुठल्याच तयार वाक्यात ते बसत नव्हतं. तिला राग शोधूनही सापडला नाही. हाताशी आला तो एक प्रश्न, जो तिनं कधी तयारच केला नव्हता. तो इतक्या खोल होता की तो प्रश्न आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"तुम्ही बघितलं होतं?" ती म्हणाली. "मला कोणी दाखवलं नाही. मी शुद्धीत नव्हते, आणि नंतर विचारलं तर सगळे म्हणायचे, विसर. तुम्ही बघितलं होतं का त्याला?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. "तुला कोणीच नाही सांगितलं?" तो म्हणाला. "मुलगी होती."

ती कठड्याला टेकली. इतकी वर्षं ते बाळ तिच्या मनात 'ते' होतं. ते गेलं. ते सुजलं होतं. त्याचं काय झालं. एका शब्दानं सगळी वाक्यं बदलली आणि त्यातून कोणीतरी चालत आलं.

"त्यांनी मला बाहेर बोलावलं," तो सांगू लागला. तिच्याकडे न बघता, हाताच्या तळव्यांकडे बघत. "सही करा म्हणाले, आणि घेऊन जा म्हणाले. कापडात होती. आई म्हणाली, तोंड बघू नकोस, बघितलंस की मागे लागतं. मी बघितलं. जिन्यात. केस होते तिला, काळे, खूप, ओले. मला वाटलं होतं एवढीशी असेल, हलकी असेल." त्यानं हात किंचित वर उचलले, वजन घेतल्यासारखे. "जड होती गं. चांगली भरलेली. हाताला जड लागली."

का जड लागली, ते तिला माहीत होतं. पाणी भरलं होतं अंगात, सूज होती, रक्तात प्राणवायू नव्हता म्हणून काळीज थकलं होतं आणि पाणी साचत गेलं होतं. हे समजावून सांगणं तिचं कामच होतं. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिनं ते गिळलं. ती त्याच्या शेजारच्या पायरीवर बसली, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

वरून त्याच्या बायकोची हाक आली, अहो, कुठे आहात. त्यानं ओ दिली नाही.

"सांगा," ती म्हणाली. "अजून सांगा. कपाळ कसं होतं?"